ओल्ड मेड अँड द थीफ, द

इटालियन-अमेरिकन संगीतरचनाकार जान कार्लो मेनॉत्ती (१९११–२००७) याची नभोवाणीसाठी लिहिलेली इंग्रजी विनोदी संगीतिका. शीर्षकाचा अर्थ ‘प्रौढ कुमारिका आणि चोर’ असा आहे. अमेरिकेतील नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी (एनबीसी) या नभोवाणी संस्थेने ती मेनॉत्तीकडून मुद्दाम लिहवून घेतली आणि २२ एप्रिल १९३९ रोजी तिचे पहिले प्रसारण केले. संहिता व संगीत ही दोन्ही मेनॉत्तीचीच आहेत. संगीतिकेत लहान लहान चौदा प्रवेश असून सर्व प्रयोग सुमारे एका तासाचा आहे. उपशीर्षकात तिला ‘ग्रोटेस्क’, म्हणजे विक्षिप्त व अतिशयोक्त विनोदाची, संगीतिका म्हटले आहे. केवळ कानांनी अनुभवायच्या संगीतनाट्याचे जे प्रारंभीचे प्रयोग झाले, त्यांपैकी पुढेही टिकून राहिलेल्या थोड्या कृतींत हिची गणना होते.

पार्श्वभूमी : संगीतिका हा मुळात डोळे व कान या दोहोंसाठी असलेला कलाप्रकार आहे. नेपथ्य, वेशभूषा, अभिनय आणि हालचाल यांच्या आधाराने तिच्यातील गायनाचा नाट्यार्थ प्रेक्षकाला उमगतो. नभोवाणीचा प्रसार होऊ लागल्यावर रंगमंचावरील संगीतिकांचे ध्वनिक्षेपण करण्याची प्रथा पडली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेच्या रंगमंचावरून एक संपूर्ण संगीतिका प्रथम २५ डिसेंबर १९३१ रोजी प्रसारित झाली. अशा प्रसारणांत श्रोत्याला कथा बहुधा आधीच ठाऊक असे. संगीत नाटकातील पदे ध्वनिमुद्रिकेवरून ऐकणाऱ्या मराठी रसिकाचा अनुभवही याच जातीचा होता. नाटक पाहिलेले वा वाचलेले असल्यामुळे पदामागचा प्रसंग त्याच्या मनःचक्षूंपुढे आपोआप उभा राही. परंतु जी कथा श्रोत्याने पूर्वी कधीही पाहिलेली नाही, ती नुसत्या गायनातून त्याला समजावी आणि शिवाय तिच्यातील विनोदावर त्याने हसावे, ही अपेक्षा वेगळी व पुष्कळ अवघड होती.

हा प्रश्न गद्य नभोनाट्यापुढे आधीच उभा राहिला होता. रिचर्ड ह्यूझ या इंग्रज लेखकाने १९२४ मध्ये ब्रिटिश नभोवाणीसाठी लिहिलेल्या नाटिकेत सर्व प्रसंग दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत घडतो. पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही, अशी त्यातील योजना आहे. दृश्याचा अभाव हाच कथेचा भाग करून टाकण्याचे हे तत्त्व पुढील अनेक लेखकांना मार्गदर्शक ठरले. संगीताच्या क्षेत्रात ए. पी. हर्बर्ट व जेफ्री टॉय यांची द रेड पेन ही विनोदी कृती बीबीसीने १९२५ मध्ये प्रसारित केली. खास नभोवाणीसाठी रचलेल्या संगीतिकांत ती आद्य मानली जाते. जर्मनीत १९२९ मध्ये बेर्टोल्ट ब्रेख्टच्या संहितेवर कुर्ट व्हाइल व पाउल हिंडेमिट यांनी लिंडबर्गच्या विमानोड्डाणावरील नभोकृती रचली. त्याच वर्षी ब्रेस्लाउ येथून एरिख केस्टनरची काव्ये व एडमुंट निक याचे संगीत असलेली महानगरी जीवनावरील गीतमालिकाही प्रसारित झाली. चेक रचनाकार बोहुस्लाव मार्टिनू याची पुलावर अडकलेल्या माणसांविषयीची विनोदी नभोसंगीतिका १९३७ मध्ये प्राग येथून ऐकविण्यात आली.

अमेरिकेत एनबीसीने चार्ल्स वेकफील्ड कॅडमन याची द विलो ट्री ही लहान संगीतिका १९३२ मध्ये प्रसारित केली होती. प्रतिस्पर्धी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम (सीबीएस) या संस्थेने १९३७ मध्ये लूइस ग्रूएनबर्ग याची ग्रीन मॅन्शन्स ही संगीतिका आणि मार्क ब्लिट्स्टाइन याचे आय हॅव गॉट द ट्यून हे नभोगीतनाट्य ऐकविले. त्याच वर्षी एनबीसीने आर्तुरो तोस्कानीनी या विख्यात वाद्यवृंदसंचालकासाठी स्वतःचा स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. जाहिरातींवर चालणाऱ्या या संस्थांना आपण लोकांच्या अभिरुचीचीही सेवा करतो, हे दाखविण्याची निकड होती. १९४० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील सुमारे ८० टक्के घरांत रेडिओसंच होते. कोणत्याही नाट्यगृहाला कधी लाभला नव्हता इतका मोठा श्रोतृवर्ग अशा रीतीने रचनाकारांपुढे आला. परंतु तो घराघरांत विखुरलेला होता आणि कंटाळा येताच संच बंद करण्याची मुभा त्याला होती.

रचनाकार : मेनॉत्तीचा जन्म उत्तर इटलीतील कादेल्यानो येथे झाला. मिलान येथील संगीतविद्यालयात काही काळ शिक्षण घेतल्यावर १९२८ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीतसंस्थेत दाखल झाला. तेथे रोझार्यो स्कालेरो हा त्याचा गुरू होता. सॅम्युएल बार्बर (१९१०–८१) हा पुढे प्रसिद्धीस आलेला अमेरिकन रचनाकार त्याचा सहाध्यायी होता आणि दोघांचा निकटचा स्नेह दीर्घकाळ टिकला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर या लहान गावी बार्बरच्या घरी मेनॉत्तीचे वारंवार जाणे होत असे. शांत, सुखवस्तू आणि देवभीरू दिसणाऱ्या अशा गावांच्या शिष्टाचाराआड मनातल्या मनात कायकाय चाललेले असते, याचे कुतूहल त्याला तेथेच वाटू लागले. प्रस्तुत संगीतिकेच्या विषयाचा उगम या निरीक्षणात आहे. परक्या देशातून आलेल्या तरुणाची तटस्थ, तरीही खोडकर दृष्टी तिच्यात सर्वत्र जाणवते.

मेनॉत्तीची अमीलिया गोज टू द बॉल ही एकांकी विनोदी संगीतिका १ एप्रिल १९३७ रोजी फिलाडेल्फियात प्रथम सादर झाली आणि पुढील वर्षीच मेट्रोपॉलिटन ऑपेराने ती रंगमंचावर आणली. या यशामुळे एनबीसीचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. अमीलियाची मूळ संहिता त्याने इटालियन भाषेत लिहिली होती. ओल्ड मेडची संहिता मात्र त्याने थेट इंग्रजीत लिहिली. संगीतिकेचे पहिले प्रसारण झाले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आल्बेर्तो एरेदे याने एनबीसीच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. लटिशियाची भूमिका मार्गारेट डॉम हिने व बॉबची भूमिका रॉबर्ट वीड याने गायिली.

कथानक : अमेरिकेतील एका छोट्या गावात मिस टॉड ही प्रौढ अविवाहित बाई लटिशिया नावाच्या तरुण मोलकरणीसह राहते. एका पावसाळी दुपारी तिच्याकडे मिस पिंकर्टन ही शेजारीण चहाला आलेली असते. दोघीही आपापल्या फसलेल्या प्रेमाच्या जुन्या आठवणी काढत असताना मागच्या दाराशी एक भटक्या येतो. त्याचे नाव बॉब. तो देखणा आहे, एवढे पाहूनच मिस टॉड व लटिशिया दोघीही त्याला रात्रीपुरता आसरा देतात. दुसऱ्या दिवशी लटिशिया त्याला आणखी काही दिवस राहण्यास राजी करते आणि तो मालकिणीचा दूरचा नातेवाईक असल्याची बतावणी ठरते.

लवकरच मिस पिंकर्टनकडून बातमी कळते, की तुरुंगातून एक धोकादायक चोर पळाला आहे. त्याचे वर्णन बॉबशी तंतोतंत जुळते. मिस टॉड घाबरते. तथापि पाहुण्याला घराबाहेर काढण्याचे किंवा पोलिसांना कळविण्याचे तिच्या मनात येत नाही. तो घरातच राहावा म्हणून मालकीण व मोलकरीण त्याला पैसे पुरवू लागतात आणि त्यासाठी मिस टॉड गावातल्याच लोकांचे पैसे लांबवू लागते. बॉब एके ठिकाणी फार दिवस न रमणारा आहे. तो आपले गाठोडे बांधू लागतो. त्याला मद्य हवे आहे असे कळताच नवा पेच पडतो. मिस टॉड ही गावातील मद्यपानविरोधी चळवळीची अध्वर्यू असल्यामुळे दुकानात जाऊन बाटली विकत घेणे तिला शक्य नसते. तेव्हा त्या दोघी रात्री मद्याचे दुकानच फोडतात.

दुसऱ्या दिवशी गावात तपास सुरू होतो. वरच्या मजल्यावरून बॉबचे झिंगलेले गाणे ऐकू येत असताना खालच्या दिवाणखान्यात मिस टॉडला शेजारणीची समजूत घालावी लागते. अखेर दोघी बॉबला पळून जाण्याची विनवणी करतात. आपण कधीही चोरी केलेली नाही, मग पळावे कशाला, असे तो सरळपणे विचारतो. मिस टॉड त्याच्याजवळ आपले प्रेम व्यक्त करते. तो तिला नकार देतो. संतापलेली मिस टॉड सर्व चोऱ्यांचा आळ त्याच्यावर घेण्यासाठी पोलिसांकडे निघते. ती गेल्यावर लटिशिया बॉबला पटवून देते, की चोर म्हणून तो शिक्षा भोगणारच आहे, तेव्हा चोरी करून घेणेच शहाणपणाचे. ती दोघे घरातील चीजवस्तू गोळा करून मिस टॉडच्याच मोटारीतून पसार होतात. परत आलेल्या मिस टॉडला रिकामे घर तेवढे दिसते.

रचना व संगीत : चौदा लहान प्रवेश ही रचना नभोवाणीच्या गरजेतून आली आहे. दिवाणखाना, स्वयंपाकघर, बॉबची खोली, रस्ता व मद्याचे दुकान अशी स्थळे वरचेवर बदलतात. रंगमंचावर असे स्थलांतर खर्चिक व वेळखाऊ ठरते. नभोवाणीवर मात्र त्याला निवेदकाचे एखादे वाक्य पुरते. मूळ प्रसारणात प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी निवेदक स्थळ व परिस्थिती गद्यात सांगत असे. त्यामुळे पात्रांच्या तोंडी माहितीचा भार घालण्याची गरज उरली नाही आणि गायन भावनेपुरते व विनोदापुरते राखता आले.

पात्रांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवलेली आहे. मिस टॉडचा आवाज खालच्या पट्टीचा, म्हणजे काँट्राल्टो आहे; लटिशिया व मिस पिंकर्टन या सोप्रानो आहेत, तर बॉब हा एकटाच पुरुष असून त्याचा आवाज मध्यम पट्टीचा, बॅरिटोन आहे. मालकीण, मोलकरीण व पाहुणा या मुख्य त्रयीतील तीन आवाज त्यामुळे कानाला लगेच निरनिराळे ओळखू येतात. त्या काळच्या प्रसारणतंत्रात ध्वनीची उच्च कंपने बरीच गाळली जात आणि सर्व ध्वनी एकाच ध्वनिवर्धकातून येत; वृंदगायनातील किंवा अनेक पात्रांच्या एकत्र गायनातील शब्द त्यात सहज हरवले असते. मेनॉत्तीने वृंदगायन वर्ज्य केले. संवाद त्याने इंग्रजी बोलण्याच्या स्वाभाविक लयीला धरून, वाद्यवृंदाच्या विरळ साथीवर बसविले.

संगीताची परंपरा मात्र अस्सल इटालियन आहे. अठराव्या शतकातील ऑपेरा बुफ्फा या विनोदी संगीतिकाप्रकारात चतुर मोलकरीण, भोळी पण हेकेखोर मालकमंडळी, चटपटीत संवादगायन आणि त्यांच्या मधूनमधून येणारी स्वयंपूर्ण गीते असा साचा असे. ला सेर्वा पाद्रोना (१७३३) या पेर्गोलेझीच्या प्रसिद्ध कृतीतील मोलकरणीशी लटिशियाचे नाते उघड आहे. प्रारंभीच्या खेळकर वाद्यसंगीतापासूनच ही वंशपरंपरा ध्यानात येते. मेनॉत्तीने तो साचा अमेरिकन खेडवळ शहरात आणला आणि तेथील चहा, कुजबूज, मद्यबंदी व मोटार यांनी भरला. अमेरिकेतील राष्ट्रव्यापी मद्यबंदी १९२० पासून १९३३ पर्यंत होती. १९३९ च्या श्रोत्याला तिची आठवण ताजी असल्याने मद्यविरोधी बाईनेच दुकान फोडावे, या प्रसंगातील उपहास त्याला सांगावा लागत नव्हता.

स्वतंत्र गीतांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक लटिशियाचे : चोरून न्यायचे तर आपल्यालाच न्यावे, अशी तिची आर्जवी मागणी त्यात आहे. तारुण्य निघून जाण्याची भीती या गीताच्या दीर्घ, आर्त स्वरावलीत अशी काही मिसळली आहे, की हास्यप्रधान कृतीत श्रोता क्षणभर गंभीर होतो. दुसरे बॉबचे : गाठोडे बांधताना त्याला होणारी वाटेची व मोकळ्या ऋतूची ओढ त्यात व्यक्त झाली आहे. या दोन गीतांमुळे प्रहसनातील पात्रांना माणूसपण येते. दोन्ही गीते विद्यार्थी-गायकांच्या अभ्यासक्रमांत व मैफलींत रूढ झाली. संगीतिकेतील एका विषयावर मेनॉत्तीने पुढे पियानोसाठी ‘रिचेर्कारे व टोकाटा’ ही स्वतंत्र रचनाही केली.

माध्यम व आशय : या कृतीचे खरे महत्त्व तिच्या आशयाचे माध्यमाशी जे नाते जमले आहे त्यात आहे. बॉब चोर असल्याचा एकही पुरावा कथेत कोठेही नाही. आहे ती केवळ ऐकीव बातमी. ती एका तोंडातून दुसऱ्या कानात जाते आणि तिच्या आधारे दोन स्त्रिया स्वतः चोर होतात व अखेर एका निरपराध माणसालाही चोर बनवितात. नभोवाणीचा श्रोता नेमका त्यांच्याच स्थितीत असतो, कारण त्यालाही सारे काही ऐकीवच कळते. बॉब किती देखणा आहे हे त्याला दिसत नाही. त्या दोघींच्या उत्कंठित स्वरांवरून त्याने ते मानायचे असते. पळालेल्या चोराचे वर्णन ऐकताच त्याचाही बॉबवर संशय जडतो आणि बॉबचे सरळ उत्तर ऐकल्यावर आपणही अफवेला बळी पडलो, हे त्याच्या ध्यानात येते. ह्यूझने खाणीतील अंधार योजून श्रोता व पात्र यांना एका पातळीवर आणले. मेनॉत्तीने अंधार न योजता, अफवेच्या द्वारे तेच साधले. वरच्या मजल्यावरील गाणे खाली ऐकू येण्याचा प्रसंगही याच जातीचा आहे : मिस पिंकर्टनला जेवढे ऐकू येते, तेवढेच श्रोत्यालाही येते.

या उपहासाला आणखी एक बाजू आहे. गावाच्या नजरेत निष्कलंक असलेल्या बाईला गुन्ह्याकडे नेते ते दुष्टपण नव्हे. चाळीस वर्षांचा एकाकीपणा व लोकलज्जा यांनी तिला तेथवर आणले आहे. मेनॉत्ती तिला हसतो. तथापि रिकाम्या घराच्या अखेरच्या प्रसंगात ते हसू कडवट होते. अविवाहित प्रौढ स्त्री हा त्या काळच्या प्रहसनांचा ठरलेला विषय होता आणि पुरुषाला बिघडविणारी स्त्री हे सूत्रही जुनेच होते. आजच्या वाचकाला त्यातील स्त्रीविषयक दृष्टी एकांगी वाटल्यास नवल नाही. संहितेत मात्र सर्वांत सूज्ञ व निर्णयक्षम पात्र लटिशिया हेच आहे.

रंगमंचावरील प्रवास : नभोवाणीवरील यशानंतर किंचित फेरफार केलेली ही संगीतिका ११ फेब्रुवारी १९४१ रोजी फिलाडेल्फिया ऑपेरा कंपनीने प्रथम रंगमंचावर आणली. थोडी पात्रे, मर्यादित वाद्यवृंद आणि सुबोध इंग्रजी संहिता यांमुळे महाविद्यालयीन व लहान नाट्यसंस्थांनी ती आनंदाने स्वीकारली. नभोवाणीने घातलेल्या मर्यादाच अशा प्रकारे तिच्या दीर्घायुष्याला कारण झाल्या. मात्र या स्थलांतरात काही गमवावेही लागले. रंगमंचावर बॉब प्रत्यक्ष दिसतो. त्याच्या चेहऱ्यावरील निरागसपणा प्रेक्षक पहिल्याच प्रवेशात पाहतो आणि संशयातील त्याचा सहभाग कमी होतो. प्रेक्षक त्या दोघींना हसतो, श्रोता त्यांच्याबरोबर स्वतःलाही हसतो. चौदा स्थळबदलांची अडचणही दिग्दर्शकाला दरवेळी सोडवावी लागते.

प्रभाव व मूल्यमापन : या अनुभवाचा मेनॉत्तीच्या पुढील निर्मितीवर खोल परिणाम झाला. मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी लिहिलेली त्याची भव्य शोकात्म संगीतिका द आयलंड गॉड (१९४२) अयशस्वी ठरली; त्यानंतर तो द मीडियम (१९४६) व द टेलिफोन (१९४७) या लहान आकाराच्या कृतींकडे वळला. द टेलिफोनमध्ये तर केवळ दोन पात्रे व दूरध्वनी यांवर सारा विनोद उभा आहे. द कॉन्सुल (१९५०) या संगीतिकेला पुलिट्झर पारितोषिक लाभले. एनबीसीनेच मागविलेली अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स ही त्याची संगीतिका २४ डिसेंबर १९५१ रोजी दूरचित्रवाणीवर प्रसारित झाली. खास दूरचित्रवाणीसाठी रचलेली ती अमेरिकेतील पहिली संगीतिका होय. नव्या माध्यमाला जुन्याचे दुय्यम रूप न मानता त्याच्या गरजा ओळखून लिहिण्याची जी दृष्टी अमालमध्ये दिसते, तिची उमेदवारी ओल्ड मेडमध्ये झाली होती.

समकालीन नवसंगीताच्या पुरस्कर्त्यांनी मेनॉत्तीवर परंपरानिष्ठतेचा आक्षेप घेतला. त्याचे स्वरविधान एकोणिसाव्या शतकाच्या जवळचे आहे आणि नाट्याच्या तुलनेत त्याचे संगीत काही ठिकाणी विरळ वाटते, हे खरे आहे. परंतु घरी बसलेल्या अनोळखी श्रोत्याला एक तास कथेत बांधून ठेवणाऱ्या कृतीत ओळखीचे स्वर व स्पष्ट शब्द यांची गरज होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर अमेरिकेत नभोसंगीतिका मागे पडली. भारतात या प्रकाराला आकाशवाणीने दीर्घकाळ आश्रय दिला. मराठीत ‘संगीतिका’ ही संज्ञा पाश्चात्त्य ऑपेराप्रमाणेच आकाशवाणीवरील अशा श्राव्य संगीतनाट्यालाही लावली जाते. मंगेश पाडगावकर यांची संहिता व पु. ल. देशपांडे यांचे संगीत असलेली बिल्हण ही तिचे ठळक उदाहरण होय. तिच्यातील काही गीते मूळ संगीतिकेपासून वेगळी होऊन लोकप्रिय झाली. लटिशियाच्या गीताचेही असेच झाले. गीते टिकतात, परंतु ज्या श्राव्य नाट्यात ती जन्मली त्याचा विसर पडतो, असे नभोवाणीच्या साहित्याबाबत पुष्कळदा घडते. ओल्ड मेडचे संपूर्ण रूप रंगमंचाच्या आश्रयाने टिकले. तिच्यातील ऐकीव गोष्टीचा विनोद मात्र डोळे मिटून ऐकणाऱ्यालाच पुरता उलगडतो.